मालवणच्या किनाऱ्यावरून खेळाच्या दारापर्यंत

पावसाळ्यांतील एखाद्या सायंकाळीं मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या घरांत मुलगा संगणकावरील खेळ उघडावयास जातो आणि पडद्यावर उत्तर येतें, "जोडणी होऊं शकली नाहीं." वडील म्हणतात, संगणक बिघडला. तिकडे मुंबईस नोकरीनिमित्त राहणारा थोरला भाऊ, ज्याच्याबरोबर आठवड्यांतून एकदां खेळावयाचें ठरलेलें असतें, वाट पाहात बसतो. दोघां भावांची भेट बहुधा याच खेळांत होत असल्यामुळें ही अडचण निव्वळ करमणुकीची म्हणतां येत नाहीं. विशेष हें कीं, पुष्कळ वेळां संगणकही धड असतो आणि खेळही.

खेळाच्या दारावर लाँचर नांवाचा द्वारपाल असतो. 'व्हॅल्व्ह' या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेला 'स्टीम' हा त्यांतील सर्वांत परिचित. खेळ विकणें, तो उतरवून देणें, खेळणाऱ्याची ओळख पटविणें, नव्या दुरुस्त्या आणणें हीं सर्व कामें तोच करतो. त्याच्या वाटेंत अडथळे निरनिराळ्या जागीं येतात. पडद्यावरचें वाक्य मात्र बहुधा एकच असतें.

दोष कोठें आहे याची पहिली कसोटी घरांतच होते. संगणक घरच्या जोडणीवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहावा. लाँचर उघडला तर संगणक निर्दोष ठरला आणि संशय घरच्या जोडणीवर गेला. दोन्हीकडे अडला तर एक तर कंपनीचेच सर्व्हर बंद असतील (स्टीमची देखभाल अमेरिकेंतील मंगळवारीं होते, तेव्हां भारतांत बुधवारची पहाट असते), नाहीं तर संगणकाकडे वळावें.

येथें कोंकणांत एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मे २०२१ मधील तौक्ते वादळानें या किनाऱ्यावरील विजेचे खांब पाडले, तसा प्रसंग नेहमींचा नव्हे. परंतु माडाची झावळी तारेवर पडून तासन् तास वीज जाणें हें दर पावसाळ्याचेंच. संगणकाच्या पेटींत रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसतांना आंतील घड्याळ त्याच्यावर चालतें. सेल जुना झालेला असला तर वीज परत येतांच संगणक कांहीं वर्षें मागें जाऊन बसतो. आतां लाँचरशीं बोलणें सुरू करण्यापूर्वीं सर्व्हर आपलें प्रमाणपत्र दाखवितो, आणि तें अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतें. संगणकाच्या लेखीं आज २०१५ साल असेल तर तें प्रमाणपत्र अजून जन्मलेलेंच नाहीं! संगणक मोठ्या प्रामाणिकपणें बोलणें नाकारतो आणि दोष जोडणीवर येतो. तारीख नीट केली आणि अल्प किंमतीचा सेल बदलला कीं हें दुखणें जातें. नवा राउटर आणण्यापूर्वीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख वाचावी, इतकेंच.

घरच्या जोडणीवर संशय असेल तर प्रथम नांवांची वही पाहावी. आंतरजालावरील प्रत्येक ठिकाणास खरा पत्ता अंकांचा असतो. नांवावरून तो शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ पासूनची. जोडणी देणाऱ्या कंपनीची ही वही कधीं मंद असते, तर कधीं चुकीची. अशा वेळीं राउटरमध्यें अथवा संगणकांत सार्वजनिक वहीचा अंक घालावा: गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. मात्र जवळचें कोठार कोणतें हेंही कित्येकदां हीच वही ठरवीत असल्यामुळें, बदल केल्यावर उतरविण्याचा वेग घटला तर दुसरी वही वापरून पाहावी.

लाँचर उघडतो पण खेळ उतरतांना रेंगाळतो, हा प्रकार निराळा. स्टीमच्या सेटिंग्जमध्यें 'डाउनलोड' या सदराखालीं प्रदेश निवडतां येतो. मुंबई जवळची म्हणून मुंबईच वेगवान असेल असें नाहीं; तेथें गर्दी असेल तर चेन्नई निवडून पाहण्यास हरकत नाहीं.

प्रत्यक्ष खेळतांना मात्र अंतर चुकवितां येत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. मालवण ते मुंबई सरळ रेषेंत सुमारें ३४० किलोमीटर. जाऊन येण्यास पुरते ४ सहस्रांश सेकंदही लागूं नयेत. सिंगापूर मुंबईहून सुमारें ३,९०० किलोमीटर, म्हणजे तेथें निदान ३९. तारांची वळणें आणि वाटेंतील यंत्रें यांमुळें खरा आंकडा नेहमींच मोठा असतो. यास्तव दोघां भावांनीं खेळांत मुंबईचा सर्व्हर असल्यास तोच निवडावा.

व्हीपीएन हा उपाय शेजारचा मुलगा सर्वांत आधीं सुचवितो, आणि तो सर्वांत शेवटीं करावा. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांतील तारा तुटल्या तेव्हांप्रमाणें नेहमींचा मार्ग बिघडला असेल तर आडवाट उपयोगी पडते; एरवीं ती अंतर वाढविते. शिवाय स्टीमवर भारतांत २०१५ पासून रुपयांत किंमती आहेत, आणि परदेशचा रहिवासी भासवून खरेदी करणें कंपनीच्या करारांत निषिद्ध आहे. खातें गेलें तर सर्व खेळ गेले.

वीज आणि जोडणी दोन्ही लहरी असतील तेथें तयारी आधीं करावी. जोडणी चालूं असतांना प्रत्येक खेळ एकदां उघडून लाँचर 'ऑफलाइन' स्थितींत नेऊन ठेवला तर एकट्यानें खेळावयाचे पुष्कळ खेळ पुढें जोडणीवांचून चालतात. १०० गिगाबाइटचा खेळ ४० मेगाबिटच्या जोडणीवर उतरण्यास साडेपांच तास हवेत, तेही वीज न जातां. त्यापेक्षां गणेशचतुर्थीस गांवीं येणाऱ्या चाकरमान्या भावानें आपल्या संगणकावरील खेळाची प्रत हार्डडिस्कवर घालून आणावी. धाकट्याच्या खात्यांत तो खेळ विकत घेतलेला असला म्हणजे झालें. प्रत योग्य फोल्डरमध्यें ठेवून खेळ बसविण्याची आज्ञा दिली कीं स्टीम ती तपासतो आणि जेवढें उणें असेल तेवढेंच आंतरजालावरून मागवितो.