लंडनमधले चार पापड

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलामुलींच्या सामानात पापड भरताना ‘पुरतील ना?’ हा प्रश्न आमच्या घरांतून हमखास निघतो. अशा वेळी आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिदिन आठवतात. आमच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमधील अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली ते तेथे परतले, तेव्हा मात्र पैशाची फार ओढाताण होती.

सकाळी जेमतेम पावाचा तुकडा. दुपारच्या जेवणाला फाटा देऊन ग्रंथालयात वाचन. रात्री भूक अनावर झाली, की पत्र्यावर भाजलेले चार पापड आणि कपभर दूध. पापडही एका परिचिताने दिलेले! अशा दिवसांतून १९२३ साली डी.एस्‌सी. पदवी मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पैसे वाचविण्यासाठी जेवण टाळणारे विद्यार्थी आजही आहेत. घरी ते सहसा सांगत नाहीत. म्हणून पापड अवश्य द्यावेत. पण दूरध्वनीवर ‘जेवलो’ एवढेच उत्तर आले, तर ‘काय जेवलास?’ हेही आपण विचारावे.