मोबाईलमधील पैसा आणि छोटे धंदे

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने 'एम-पेसा' सेवा सुरू केली. ('पेसा' म्हणजे पैसाच, शब्द आपल्या ओळखीचा आहे.) बँकेत खाते नसलेली भाजीवालीही जवळच्या एजंटाकडे रोकड भरून ती मोबाईलवरून घाऊक व्यापाऱ्याला पाठवू लागली. हेलपाटे वाचले, चोरीची भीती कमी झाली. सूरी व जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे सुमारे १,८५,००० स्त्रिया धंद्यात किंवा किरकोळ विक्रीत आल्या. आम्हांला हे फार मोलाचे वाटते.

परंतु दुसरी बाजूही समाजबांधवांनी पाहावी. २०१२ मध्ये त्याच मोबाईलवर 'एम-श्वारी' हे विनातारण कर्ज आले. ३० दिवसांसाठी ७.५ टक्के आकार; त्याला व्याज म्हणत नसत! ५,००० शिलिंगांवर ३७५. असे कर्ज दर महिन्याला घेत राहिल्यास वर्षाला ९० टक्के पडतात. सावकार दारात येत नाही, एवढेच.

आपल्याकडेही क्यूआर कोड लावलेल्या टपरीवाल्यांना मोबाईलवरून कर्ज देऊ केले जाते. खात्यात दिसतो तो गल्ला, नफा नव्हे. तेव्हा विद्यार्थ्यांनी घरच्या धंद्याचा हिशेब मांडताना मालाची खरेदी आणि कर्जावरचा आकार वेगवेगळा लिहावा.