चित्रकथेतील वीरांगना उभी कशी राहते?

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गातील एका मुलीने आपल्या चित्रकलेच्या वहीत एक अमेरिकन वीरांगना उतरवून आणली. चित्र हुबेहूब साधले होते. मी शाबासकी दिली. तिचे मात्र समाधान नव्हते. "बाई, मी हिचा सांगाडा काढून पाहिला. तो जुळतच नाही," ती म्हणाली, आणि फळ्यावर तिने कणा, खांदे व कंबर यांच्या रेघा मारून दाखवल्या. छाती आपल्याकडे वळलेली, पाठीमागची बाजूही आपल्याकडेच वळलेली, आणि देहाचा सारा भार एका चवड्यावर! अशी स्त्री लढणे दूरच, क्षणभर उभीही राहू शकणार नाही.

खरे सांगायचे तर माझे लक्ष आधी त्या तोकड्या पोशाखाकडे गेले होते. मर्यादेचे धडे गिरवीत ख्रिस्ती घरात वाढलेल्या बाईचे दुसरीकडे कुठे जाणार? मुलीने मात्र दोष नेमका हेरला होता. तो वस्त्रात नव्हता, हाडांत होता.

वंडर वुमन ही नायिका १९४१ साली अवतरली. तिचा जनक विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. मुलींनाही सामर्थ्याचा हेवा वाटावा, या हेतूने त्याने ती निर्माण केली, आणि एच. जी. पीटर या चित्रकाराने तिला धावताना, झेप घेताना, शत्रूला उचलून फेकताना रेखाटले. तिचे कपडे तेव्हाही थोडेच होते. शिवाय साखळदंडांनी जखडलेली वंडर वुमन त्या कथांत इतक्या वेळा दिसते की मार्स्टनच्या मनात नक्की काय होते, याविषयी आजही वाद होतात. तरी तिचा देह काहीतरी करीत असे.

१९५४ मध्ये अमेरिकेत चित्रकथांविरुद्ध वादळ उठले. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकाने पालक हवालदिल झाले, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी आपण होऊन स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. स्त्रियांची चित्रे वास्तवाला धरून असावीत, अवयवांची अतिशयोक्ती नसावी, असे कलमच तीत होते. पदर सावरला गेला. पण दृष्टी बदलली का? १९५६ साली आलेल्या बॅटवुमनच्या हाती एक पर्स देण्यात आली, आणि तिची आयुधे कोणती, तर पावडर व लिपस्टिक. १९६१ च्या 'फँटॅस्टिक फोर'मध्ये चौघांत एकच स्त्री, आणि तिला लाभलेली सिद्धी अदृश्य होण्याची! नावही 'इन्व्हिजिबल गर्ल'. पुढे तिचे लग्न झाले, तिला मूल झाले. 'गर्ल'ची 'वुमन' व्हायला मात्र १९८५ साल उजाडावे लागले.

नियमावली हळूहळू सैल होत २०११ मध्ये नामशेष झाली. दरम्यान विक्रीची तऱ्हा पालटली होती. १९७० नंतर चित्रकथा वृत्तपत्र-विक्रेत्याच्या मांडणीवरून उठून खास दुकानांत गेल्या. तेथील गिऱ्हाईक बहुतांशी तरुण पुरुष, आणि मुखपृष्ठ त्याच्यासाठी रंगू लागले. १९९० नंतरच्या दशकात नायिकांचे पाय लांबत व कंबर आकसत गेली.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: पुरुषांचे स्नायू तरी कुठे खरे असतात? प्रश्न रास्त आहे. पण अतिशयोक्ती कशाची, हे पाहावे. नायकाची फुगवलेली छाती म्हणजे वाचकाला स्वतः जसे व्हावेसे वाटते त्याचे चित्र. नायिकेचा मुरडलेला कणा म्हणजे त्याच वाचकाला जे पाहावेसे वाटते त्याचे चित्र. दोन्ही खोटी, पण एकात माणूस कर्ता आहे, दुसऱ्यात देखावा. २०१२ साली काही चित्रकारांनी हे इंटरनेटवर गमतीने सिद्ध केले. हॉकआय नावाच्या पिळदार धनुर्धराला त्यांनी नायिकांच्या ढबीत उभे केले, आणि पाहणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली. जी ढब पुरुषाला दिल्याबरोबर हास्यास्पद होते, ती स्त्रीला शोभते असे आपण का धरून चालतो?

पुढे २०१४ मध्ये मिलो मनारा या इटालियन चित्रकाराने काढलेल्या स्पायडर-वुमनच्या मुखपृष्ठावर गदारोळ झाला. त्यात नायिका नखशिखांत झाकलेली आहे! आक्षेप होता तो गच्चीवर चढणाऱ्या तिच्या देहाची जी बाजू उंचावून दाखवली आहे तिच्यावर.

आपल्याकडे बोट दाखवायला फार दूर जायला नको. गोव्याच्या मारिओ मिरांडांवर माझे अतोनात प्रेम आहे. त्यांची कचेरीतील मिस फोन्सेका आठवा. साहेबाची खोड त्याच्या वागण्यात दिसते, फोन्सेकाबाईंचा विनोद मात्र त्यांच्या बांध्याशीच थांबतो. मारिओंनी कोणाचीच गय केली नाही हे खरे. तरी हा फरक मला आता डोळ्याआड करता येत नाही.

बदल होतच नाही असे नव्हे. २०१२ मध्ये कॅप्टन मार्व्हलचा पोहण्याच्या पोशाखासारखा वेष जाऊन तिला वैमानिकाचा शोभेल असा गणवेश मिळाला. २०१४ मध्ये आलेली कमला खान ही न्यू जर्सीतील पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी शाळकरी मुलीसारखीच दिसते.

आमच्या विद्यार्थिनीने यंदा तेच चित्र पुन्हा काढले. पावले फाकलेली, गुडघे किंचित वाकलेले, ढाल खांद्यापर्यंत उचललेली. पहिल्या चित्राइतके ते मोहक नाही. सध्या ती एवढ्याच विवंचनेत आहे की, ढालीचे वजन पेलताना उजवा खांदा किती खाली झुकेल.