जळूचा जीनोम

जळूचा जीनोम : जळूच्या कोशिकेतील डीएनएचा संपूर्ण संच. त्यातील चार प्रकारच्या क्षारकांची मांडणी क्रमाने वाचण्याच्या क्रियेस जीनोम अनुक्रमण म्हणतात. जळूचा समावेश ॲनेलिडा संघाच्या हिरुडिनिया वर्गात होतो. यूरोपातील औषधी जळूचे शास्त्रीय नाव हिरुडो मेडिसिनॅलिस असे आहे. महाराष्ट्रासह भारतातील तळी व डबकी यांत हिरुडिनेरिया ग्रॅन्युलोसा ही जळू आढळते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांचे ६ सविष व ६ निर्विष असे १२ प्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरण मुख्यतः बाह्य लक्षणांवरून केलेले असल्याने आजच्या जातींशी त्याचा निश्चित मेळ घालता येत नाही. केवळ रूपावरून जात ओळखण्यातील धोका आधुनिक काळातही दिसून आला. अमेरिकेत २००४ मध्ये हिरुडो मेडिसिनॅलिस या नावाने जळवांच्या वैद्यकीय विक्रीस मान्यता मिळाली. परंतु त्या नावाने विकल्या जाणाऱ्या जळवा प्रत्यक्षात हिरुडो व्हर्बाना या जातीच्या असल्याचे २००७ मध्ये डीएनए परीक्षणाने उघड झाले.

जळूच्या लाळेतील हिरुडीन हे प्रथिन थ्राँबिनाशी घट्ट बद्ध होते. त्यामुळे फायब्रिनोजेनाचे फायब्रिनात रूपांतर होत नाही व रक्त साखळत नाही. लाळेच्या या गुणाचा शोध जे. बी. हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये लावला. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर त्यात साचणारे नीलेतील रक्त काढून टाकण्यासाठी शस्त्रक्रियातज्ञ जळवांचा उपयोग करतात.

हिरुडो मेडिसिनॅलिसचा प्राथमिक जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८ कोटी क्षारक-जोड्या असून तो मानवी जीनोमाच्या सुमारे सतराव्या हिश्श्याएवढा आहे. अनुक्रमण करताना जळूने शोषलेल्या रक्तातील व तिच्या आतड्यातील जंतूंचा डीएनए वेगळा काढावा लागतो. या जीनोमात रक्तक्लथन रोखणाऱ्या १५ ज्ञात घटकांशी जुळणारे जीन आढळले. यावरून जळूचे कार्य एकट्या हिरुडिनावर नव्हे, तर अनेक प्रथिनांच्या संयुक्त क्रियेवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते. त्याच वर्षी हिरुडिनेरिया मॅनिलेन्सिस या आशियाई जळूचाही जीनोम प्रसिद्ध झाला.

हिरुडिनाच्या जीनावरून यीस्टच्या कोशिकांत लेपिरुडीन हे औषध तयार करण्यात आले होते. त्याची विक्री २०१२ मध्ये थांबली. अशा पद्धतीने इतर घटकही प्रयोगशाळेत बनविता आल्यास औषधासाठी जळवा पकडण्याची गरज कमी होईल. बेसुमार पकडीमुळे व पाणथळी नष्ट झाल्यामुळे यूरोपातील औषधी जळू दुर्मिळ झाली असल्याने या कार्यास विशेष महत्त्व आहे.