पुढून ओढणारी मोटार मागून ढकलणारी करता येईल काय?

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजवाल्या बांधवांकडे एक मागणी हमखास येते. समजा, पारोळा, साक्री, शिरपूर असे आठवडे बाजार करणारा एखादा कापड व्यापारी आहे. त्याच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. मागची सीट काढून तो त्यात गठ्ठे भरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी तक्रार करीत नाही. पण काळ्या जमिनीतल्या ओल्या वाटेवर किंवा चढावर पुढची चाके जागेवरच फिरू लागतात. शेजारून तेवढाच माल भरलेली ओम्नी निघून जाते. मग हा भाऊ मिस्त्रीला म्हणतो, “उस्ताद, इंजिन तर दोन्हींचं एकच ना? मग माझी गाडी पण मागून चालणारी करून द्या.”

मागणी अगदीच खुळी नाही. भंगार बाजारात ओम्नीचा गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मिळतो. आपल्याकडे वेल्डिंगचे हात आहेत, खरादी आहेत. म्हणून ॲडव्हान्स हातात घेण्याआधी या कामात काय काय येते, याचा हिशेब मांडून पाहणे बरे.

पूर्वीच्या फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन्ही मागच्या चाकांवर चालत. इंजिन पुढे, मधून प्रोपेलर शाफ्ट, मागे डिफरन्शियल, अशी ती सरळ रचना होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी मोटार आपल्या रस्त्यावर सर्रास दिसू लागली. तिच्यात इंजिन आडवे बसते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात आणि तिथून दोन आखूड शाफ्ट थेट पुढच्या चाकांना जातात. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, मारुतीची व्हॅन आली. तीच नंतर ओम्नी या नावाने ओळखली गेली. तिच्यातही ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे तेच इंजिन. मात्र ते पुढच्या सीटखाली उभे बसवून ताकद मागच्या एक्सलला दिलेली. म्हणजे एकच इंजिन कारखान्याने दोन्ही तऱ्हांनी वापरले. ‘होऊ शकेल’ असे मिस्त्रीला वाटते ते यामुळेच. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तेव्हा आता दोन्हींचा व्यवहार जुन्या मालातलाच.

पहिला प्रश्न असा की, बदल केल्याने व्यापाऱ्याची अडचण सुटते काय? चाकाची पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. ८०० रिकामी असताना साधारण ६५० किलोची. अशा गाडीत ढोबळमानाने साठ टक्के वजन पुढे असते, म्हणजे पुढच्या चाकांवर ३९० आणि मागच्यांवर २६० किलो. आता मागच्या एक्सलच्या बरोबर वर २०० किलोचे गठ्ठे ठेवले, तर पुढे ३९० च राहतात आणि मागे ४६० होतात. म्हणजे भरलेल्या गाडीत मागून ताकद दिल्यास चालत्या चाकांवर ७० किलो जास्त मिळतात. पण बाजार उठल्यावर तीच गाडी रिकामी परतते, तेव्हा चालत्या चाकांवर ३९० ऐवजी २६० च किलो उरतात. जाताना ७० चा फायदा, येताना १३० चा तोटा! इंजिन थोडे मागे सरकल्याने आणि जड एक्सल आल्याने हे आकडे काही किलोंनी बदलतील. हिशेबाची दिशा बदलत नाही.

चढाबद्दलही एक गैरसमज आहे. दहा फुटाला एक फूट अशा चढावर, भरलेल्या गाडीत, पुढून मागे सरकणारे वजन वीसेक किलोच भरते. चाक फिरते ते मुख्यतः मागे रचलेल्या मालामुळे. गठ्ठे एक्सलच्याही मागे, डिकीत कोंबले तर गाडीचे तोंड उचलले जाते. शिवाय साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की, एक चाक चिखलात फिरू लागले की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. पुढच्या डिफरन्शियलला हा दोष आहे, तसाच मागच्यालाही. ओम्नी चिखलात कधीच अडकत नाही, असे तिचा मालकही म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष काम पाहू. इंजिन काटकोनात वळवायचे आणि त्याच्या मागे ओम्नीचा बेलहाउसिंग व गिअरबॉक्स लावायचा. ८०० चे नाक आखूड आहे. इंजिन उभे केले की गिअरबॉक्स फायरवॉलमधून आत, ड्रायव्हरच्या पायांशी येतो. तेथला पत्रा कापून बोगदा करावा लागतो. स्टिअरिंगची रॅक आणि खालचा क्रॉस मेंबर इंजिनच्या ऑइल चेंबरला आडवे येतात. इंजिन वर उचलावे तर बॉनेट बसत नाही, आणि मागे न्यावे तर बोगदा आणखी मोठा होतो. सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे होज, क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल, गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, यांतले एकही पूर्वीच्या जागी राहत नाही. यांतच दिवस जातात आणि एस्टिमेट देताना नेमके हेच कोणी धरत नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. बोगद्यासाठी मधला पत्रा कापणे म्हणजे घराची तुळई कापण्यासारखे आहे. कापलेल्या जागेला दोन्ही बाजूंनी चौकोनी पाइप किंवा वाकवलेल्या जाड पत्र्याचा आधार दिला नाही, तर काही महिन्यांत दरवाजे नीट लागेनासे होतात. तो सांगाडा वाकल्याचा पहिला इशारा समजावा.

पुढचे दोन शाफ्ट काढून टाकले की काम झाले, असे नवख्या मुलांना वाटते. तसे नाही. अशा गाड्यांत पुढच्या चाकाचे हब आणि बेअरिंग यांना शाफ्टच्या टोकाचा खुंट व त्यावरचा मोठा नट आवळून धरतो. शाफ्ट अख्खा काढला तर बेअरिंगला पकड राहत नाही आणि चालत्या गाडीचे चाक ढिले होऊ शकते. म्हणून बाहेरच्या जॉइंटचा खुंट हबमध्ये ठेवून नट ठरलेल्या मापाने आवळावाच लागतो. पुढून मागे बदललेल्या, किंवा शाफ्ट तुटल्यावर ‘तात्पुरत्या’ ओढत नेलेल्या गाड्यांत हा धोका डोळ्याला दिसत नाही.

मागे ओम्नीचा एक्सल कमानी पाट्यांवर बसतो. ८०० च्या मागच्या भागात हे पाटे घ्यायला मजबूत जागा नाही, कारण तेथे चाक फक्त फिरायचे होते, ढकलायचे नव्हते. ताकद मिळताच एक्सलचे हाउसिंग उलट दिशेने पिळ घेते. नुसत्या पत्र्यावर वेल्ड केलेले ब्रॅकेट पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकते. पेट्रोलची टाकीही मागेच आहे. डिफरन्शियलचा गोळा खड्ड्यात वर उसळला की तिच्यावर आदळू नये इतकी जागा सोडावी लागते. टाकी हलवायची तर वेल्डिंग तिच्या जवळ येते, आणि रिकाम्या टाकीतल्या वाफेने काय होते हे कोणत्याही जुन्या वेल्डरला विचारावे.

प्रोपेलर शाफ्टबद्दल थोडे सविस्तर. ओम्नीचे दोन एक्सलमधले अंतर १८४० मिलिमीटर, ८०० चे २१७५. शिवाय ओम्नीत इंजिन सीटखाली असल्याने तिचा शाफ्ट फार आखूड. तो येथे पुरत नाही. पाइप कापून नवा लांब शाफ्ट करावा लागतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कान एकाच रेषेत हवेत. एक टोक फिरवून वेल्ड केले तर गाडी कायमची थरथरते. १२ इंची चाकांवर ताशी ८० किलोमीटर वेगाला हा शाफ्ट मिनिटाला सुमारे ३२०० फेरे घेतो. तेव्हा मध्यापासून तीन सेंटिमीटरवर एका बाजूला फक्त २० ग्रॅम वेल्डचे लोणी जास्त राहिले, तर तेवढ्यानेच सात किलोचा ओढा दर फेऱ्याला बसतो. गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग आणि सील यातूनच जातात. ज्यांच्याकडे बॅलन्सिंगची सोय नाही, त्यांनी शाफ्ट घरी करू नये. ट्रकचे शाफ्ट करणाऱ्या वर्कशॉपला मजुरी देणे स्वस्त पडते.

काही हुशार मंडळी एक जवळची वाट सुचवतात. ८०० चा मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवायचा, आतले डिफरन्शियल वेल्डने जाम करायचे आणि एका बाजूचा शाफ्ट मागे नेऊन ओम्नीच्या एक्सलला जोडायचा. कागदावर हे झकास दिसते. पण ८०० च्या गिअरबॉक्समध्ये वेग आधीच सुमारे चार पटीने कमी झालेला असतो आणि मागचा क्राऊन-पिनियन तो पुन्हा सुमारे चार पटीने कमी करतो. म्हणजे एकूण सोळा पट. ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी ८० धावायची, त्या फेऱ्यांवर ती २० धावते, आणि इंजिन मात्र कोकलत राहते. मधल्या शाफ्टवर नेहमीच्या चौपट पिळ येतो, तो वेगळाच. शेतातल्या ट्रॉलीसाठी एखाद्याला हा मंद वेग उपयोगी पडेल. रस्त्यासाठी हा उपाय नव्हे. आणखी एक गंमत: एक्सल उलटा, म्हणजे डोके खाली करून बसवला की चाके उलटी फिरतात. पहिला गिअर टाकला की गाडी मागे! असा खेळ कारागिराने घरच्या खर्चाने करावा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नव्हे.

आता कायद्याकडे येऊ. बऱ्याच उस्तादांच्या आठवणीत पेट्रोल गाडीला डिझेल इंजिन बसवून आरसी बुकात नोंद करून आणल्याचे दिवस आहेत. ते दिवस गेले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, हा त्याचा गाभा. त्याच जातीचे इंजिन बदलणे किंवा मान्यताप्राप्त सीएनजी-एलपीजी किट बसवणे यांना ठरलेल्या अटींवर वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगीबाहेरच्या बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोण बघतो, असे म्हणणाऱ्यांनी आरसीवरची तारीख बघावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. आज रस्त्यावरच्या बहुतेक ८०० त्या वयाच्या झाल्या आहेत. गाडी एमएच १८ धुळ्याची असो की एमएच १९ जळगावची, ती खाली वाकून पाहिली जाणारच आणि मधला प्रोपेलर शाफ्ट काही लपत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते, आणि ‘काम कोणी केले’ हा प्रश्न मिस्त्रीच्या दारी येतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण सर्वांना माहीत असेल. या कारागिराने भंगारातले भाग जोडून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये आल्याचे तेव्हा छापून आले होते. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, हेही त्याच वेळी सांगितले. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी लोहार यांना बोलेरो दिली. हाताला दाद मिळाली, रस्त्याला परवानगी मिळाली नाही. आणि प्रत्येकाच्या गाडीला बोलेरो मिळत नसते.

मग बाजार करणाऱ्या त्या व्यापाऱ्याला काय सांगावे? जड गठ्ठे पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवायला सांगावे, डिकीत नव्हे. एवढ्यानेच पुढच्या चाकांना वीस-तीस किलो मिळतात. घासलेले टायर मागे ठेवून नवे मागे की पुढे, याचा घोळ न घालता चारही नक्षीचे घ्यायला सांगावे. क्लच प्लेट जळाली आहे का पाहावे, कारण पुष्कळदा ‘गाडी चढत नाही’ ही तक्रार पकडीची नसून क्लचची असते. आणि माल खरोखरच रोजचा २०० किलोचा असेल, तर बदलाच्या खर्चाचा आकडा त्याच्यासमोर मांडून, तेवढ्यात चालू स्थितीतली, कागद साफ असलेली जुनी ओम्नी किंवा ईको येते काय, हे त्यालाच ठरवू द्यावे. दोन्ही कारखान्यातूनच मागून चालणाऱ्या आहेत.

ज्यांचे हात तरीही शिवशिवतात, त्यांच्यासाठी एक दार उघडे आहे. २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूरला इंजिनीअरिंग विद्यार्थ्यांची बाहा ही स्पर्धा सुरू झाली. मुले पाइपचा सांगाडा स्वतः जोडून एका माणसाची आडरानात धावणारी गाडी बनवतात. ती रस्त्यावर येत नाही, त्यामुळे आरसीचा प्रश्नच नाही. अशा मुलांना पाइप वाकवणारा, शाफ्टचे खाचे कापून देणारा आणि वेल्ड सरळ मारणारा माणूस हवा असतो. धुळ्याहून आग्रा रोडने पिथमपूर काही लांब नाही. त्याहून जवळ आपल्याच जिल्ह्यांतील इंजिनीअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपचे दार आहे. परीक्षा संपल्या की मुले नव्या गाडीच्या कामाला लागतात, तेव्हा आपल्या कामाचा एक नमुना घेऊन तेथल्या सरांना भेटून यावे.