दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न

जबलपूरहून नागपुरास जाणारा हमरस्ता नर्मदा ओलांडून बरगीवरून दक्षिणेकडे वळतो आणि लखनादौन, सिवनी मागे टाकीत सातपुड्यातून खाली उतरतो. बरगीचे नाव आज धरणामुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु हा रस्ता धरणाहून कितीतरी जुना आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. जबलपुरात १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तरी अवघड दुखणे घेऊन नागपूरची वाट धरण्याची या बाजूच्या लोकांची सवय मोडलेली नाही. सुघटन शल्यचिकित्सेच्या, म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक सर्जरी म्हणतो त्या विद्येच्या बाबतीत तर या सवयीला आणखी एक कारण आहे. डॉ. सी. बालकृष्णन यांनी या विद्येचा स्वतंत्र विभाग नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभारला. भारतातील अशा अगदी आरंभीच्या विभागांत त्याची गणना होते.

या रस्त्याने जाणाऱ्या रुग्णांत एक वर्ग असा असतो की तो आपले दुखणे घरातही नीट सांगत नाही. स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली आणि त्यानंतर दोन बाजूंत विषमता आलेली स्त्री ही त्या वर्गातली. पहिली शस्त्रक्रिया तिने बहुधा कोणास न कळू देता केलेली असते. पुढे एक बाजू वर सरकली, कठीण झाली किंवा आकाराने वेगळी दिसू लागली की तिची दुहेरी कोंडी होते. सांगावे तर ‘हौस कोणी सांगितली होती?’ हा प्रश्न ठरलेला, आणि न सांगावे तर उपचार नाही. हौसेला हसणे सोपे असते. पण हसण्याच्या भीतीने ती स्त्री डॉक्टरांकडे उशिरा जाते आणि त्या उशिराची किंमत शरीराला मोजावी लागते, एवढे हसणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

वस्तुतः दुसऱ्यांदा हात फिरवावा लागणे ही या विद्येतील नामुष्कीची गोष्ट नव्हे. हिचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तोच आपल्या पुण्यात. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा एक गाडीवान शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती वाचूनच कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसाच प्रयोग केला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तीतील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. कपाळाशी जोडून ठेवलेला कातडीचा देठ पुण्याचा वैद्य सुमारे पंचविसाव्या दिवशी कापी, आणि त्या वेळी नाकाला नीट घाट यावा म्हणून आणखी थोडी कापाकापी करी. पहिला घाट तो शेवटचा मानीतच नव्हता. जिवंत मांस आपल्या चालीने भरते, आक्रसते, उतरते. कारागिराला त्याची वाट पाहावी लागते.

स्तनांच्या बाबतीत ही वाट पाहणे अधिक बिकट असते, कारण येथे शरीरात एक परकी वस्तू ठेवलेली असते. सिलिकोनची पिशवी स्तनात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि जेरो या डॉक्टरांनी केली. त्यापूर्वी १८९५ मध्ये जर्मनीतील चेर्नी याने एका स्त्रीच्या पाठीवरील चरबीची गाठ काढून ती तिच्या स्तनातील पोकळी भरण्यास वापरली होती. मधल्या काळात मेण टोचण्याचेही प्रकार झाले आणि त्यांचे परिणाम भयंकर ठरले. पिशवीने हे धोके कमी केले खरे. पण परक्या वस्तूभोवती शरीर आपले एक पातळ वेष्टन विणते, हा निसर्गनियम तिलाही लागू पडला. हे वेष्टन प्रत्येकीच्या शरीरात तयार होते आणि बहुतेकींत ते मऊच राहते. काहींत मात्र ते जाड होऊन आवळू लागते. मुठीत धरलेला फुगा जसा गोल आणि घट्ट होतो, तशी आतली पिशवी होते. बेकर याने या आवळण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत स्तन नैसर्गिक वाटतो. दुसरीत हाताला किंचित घट्टपणा लागतो. तिसरीत आकार बिघडलेला दिसू लागतो. चौथीत त्याबरोबर वेदनाही असते. आवळणे बहुधा एकाच बाजूस अधिक होते आणि विषमतेचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरी कारणे निराळ्या जातीची. पिशवीसाठी केलेला कप्पा एका बाजूस जरा मोठा झाला तर ती खाली किंवा काखेकडे घसरते. लहान राहिला तर वर अडते. थेंबाच्या आकाराची पिशवी आतल्या आत फिरली तर तिचे टोक भलतीकडे जाते. छातीच्या स्नायूखाली ठेवलेली पिशवी हात उचलताना हलते. पिशवी फाटणे हेही एक कारण आहे. खाऱ्या पाण्याची पिशवी फुटली तर स्तन थोड्याच दिवसांत बसतो आणि गोष्ट लपत नाही. घट्ट सिलिकोनची पिशवी मात्र मुकाट्याने फाटते, आणि ते कळण्यास सोनोग्राफी किंवा एम. आर. आय. लागते.

आणि एक कारण असे की त्यात शस्त्रक्रियेचा दोषच नसतो. कोणत्याही स्त्रीचे दोन स्तन तंतोतंत सारखे नसतात. बरगड्यांची कमान, खांद्यांची उंची, स्तनाग्राची जागा यांत मूळचाच फरक असतो. दोन्ही बाजूंस सारखी पिशवी बसविली की हा फरक झाकला जाण्याऐवजी उठून दिसतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच मापे घेऊन, छायाचित्रे काढून हा फरक रुग्णाला दाखविणे हे डॉक्टरांचे काम होय. ते झाले नसेल तर पुढचा अर्धा वाद तेथेच जन्मास येतो.

सुधारणा कशी करावी हे कारणावर अवलंबून असते. सूज उतरून पिशवी स्थिरावण्यास काही महिने लागतात. म्हणून केवळ दिसण्यातील फरकासाठी तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक, थांबण्यास सांगतात. वेष्टन आवळले असेल तर ते चिरतात किंवा पुष्कळदा काढूनच टाकतात, आणि नवी पिशवी निराळ्या थरात, म्हणजे स्नायूवर असेल तर स्नायूखाली, ठेवतात. कप्पा मोठा झाला असेल तर आतून टाके घालून तो आवरतात. कातडी ओघळली असेल तर केवळ पिशवी बदलून भागत नाही, स्तन वर उचलावा लागतो आणि त्याचे व्रण राहतात. थोडाच फरक असेल तर पोट-मांडीवरील चरबी घेऊन ती उण्या बाजूस भरतात. पण तीतील काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे हे काम एकाच खेपेत पुरे होईल असे नसते. पिशव्या काढून टाकून पुन्हा न बसविणे हाही उपचारच आहे आणि पुष्कळ स्त्रिया तो समजून उमजून पत्करतात.

हा खर्च कोणी करावयाचा? आरोग्यविम्याच्या नियमांत सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते; अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र वगळलेली नसते. तमिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयात गरीब स्त्रियांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत सुरू केली, तेव्हा सरकारी पैसा यासाठी असावा काय, असा मोठा वाद झाला. वाद समजण्यासारखा होता. परंतु जन्मतःच एक स्तन न वाढलेल्या मुलीला ‘ही हौस’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांजवळही नव्हते.

कायद्याने रुग्णाच्या हाती काही साधने दिली आहेत. वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. पुढे २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात, एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे आणि संमतीपूर्वी रुग्णाला धोके व पर्याय समजावून सांगितले पाहिजेत, असेही न्यायालयाने सांगितले. विषमता आली म्हणजे हयगय झालीच, असे मात्र न्यायालय मानीत नाही; ती या शस्त्रक्रियेची ज्ञात गुंतागुंत आहे. प्रश्न असतो तो ती आधी सांगितली होती की नाही याचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये नमूद केले की, वर्धनासाठी पिशव्या घेतलेल्या स्त्रियांपैकी वीस टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्या आठ ते दहा वर्षांत काढाव्या लागतात. पिशवी जन्मभराची नाही, हे एक वाक्य जरी आधी ऐकविले तरी पुष्कळ मनस्ताप टळेल.

पिशवी कोणत्या बनावटीची, हेही महत्त्वाचे. फ्रान्समधील एका कंपनीने औद्योगिक प्रतीचे सिलिकोन वापरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले आणि तिचा संस्थापक तुरुंगात गेला. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या जगभर परत घ्याव्या लागल्या, कारण त्यांच्या वेष्टनात क्वचित एक प्रकारचा लसिकापेशींचा कर्करोग आढळला. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजून मोठी झाली तर तिला केवळ विषमता म्हणून सोडून देता येत नाही. आतील पाणी काढून तपासावे लागते.

बरगीहून निघणाऱ्या स्त्रीने म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले पिशवीचे कार्ड बरोबर घ्यावे. त्यावर बनावट, माप आणि क्रमांक असतो. ते हरवले असेल तर पहिल्या रुग्णालयाकडे आपल्या कागदपत्रांची मागणी लेखी करावी. तंबाखू किंवा मिस्त्रीचे व्यसन असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्याने जखम भरण्यास अडथळा येतो. आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच परतीची गाडी धरू नये. आत रक्त साचणे बहुधा पहिल्या दिवसभरात घडते, एक बाजू झपाट्याने फुगते आणि तेव्हा जखम पुन्हा उघडावी लागते. सिवनीच्या पुढे घाटात असताना ते कळले, तर नागपूर तितकेच मागे पडलेले असते.