मोंते सांतोवरील भग्न मनोरा

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल आजही उपासनेने नांदते आहे. तिथल्याच मोंते सांतो, म्हणजे ‘पवित्र टेकडी’, येथील कृपामातेच्या चर्चच्या वाट्याला मात्र अगदी वेगळे भवितव्य आले. १५७२ साली गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन संघाने, म्हणजे संत ऑगस्टीनच्या नियमावलीनुसार सामुदायिक धर्मजीवन आचरणाऱ्या भिक्षूंच्या संघाने, हे मठाचे चर्च १६०२ मध्ये पूर्ण केले. त्याच्या मनोऱ्यांपैकी एकाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा भाग तेवढा आज उभा आहे.

ही पडझड कोणत्याही युद्धाने घडविलेली नाही. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ ओस पडला. पण ओस पडलेल्या वास्तूची इतक्या झपाट्याने वाताहत का व्हावी, याचे उत्तर तिच्या दगडात सापडते. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि हवा लागल्यावर कठीण होणारा जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे कोकणातल्या पावसापासून त्याला जपायचे तर चुन्याचा गिलावा वेळोवेळी नवा करावा लागतो. ती निगा राखणारे भिक्षूच गेल्यावर भिंतींत पाणी मुरत राहिले. १८४२ मध्ये मुख्य दालनावरील कमानदार छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. (बों जेझूसच्या बासिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास मुद्दाम काढण्यात आला. उघडा जांभा भारदस्त दिसतो खरा, परंतु त्या सौंदर्याची किंमत दगडाला झिजून मोजावी लागते.) मठाची मोठी घंटा मात्र वाचली, आणि १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे जीर्णोद्धाराऐवजी जतनाचा मार्ग पत्करला, म्हणजे पडलेले छत नव्याने न उभारता राडारोडा उपसून पायाची आखणी, उपदालने आणि थडग्यांच्या कोरीव शिळा उघड्या केल्या व उरलेले बांधकाम सावरले. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पुनर्बांधणी झाली असती तर खालचा पुरावा नव्या बांधकामाखाली गाडला गेला असता.

त्या पुराव्याचे मोल जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अवशेषांमुळे विशेष जाणवले. धर्मांतरास नकार दिल्याने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला होता आणि ऑगस्टिनियन भिक्षूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला होता. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत या अस्थी मठाच्या सभागृहातील एका विशिष्ट खिडकीपाशी ठेवल्याचा उल्लेख होता. परंतु सभागृहच ढिगाऱ्याखाली गेल्याने आधी मठाची रचना उलगडणे भाग पडले. २००४ च्या सुमारास तेथे हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्यातील मातृवंशाकडून येणाऱ्या जनुकीय घटकाची तपासणी केली, तेव्हा भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा वंशगट समोर आला. त्या अस्थींचा एक भाग भारत सरकारने २०२१ मध्ये जॉर्जियाच्या स्वाधीन केला.